मौनव्रतातली राजमाता

मी भाड्याची राणी. खेड्यापाड्यांतल्या नाट्य मंडळांना नाटकासाठी बाई लागते तेव्हा ती बाहेरगावाहून बोलावतात. ती मी. आमच्याकडे अशा नटीला ‘लेडीज’ म्हणतात, एकटी असली तरी लेडीजच. “लेडीज आली का?” असं विचारत अर्धं गाव एसटी स्टँडवर जमायचं आणि मी बॅग घेऊन उतरले की मंडळी थोडी हिरमुसायची. जाहिरातीत ‘सुप्रसिद्ध नाट्यतारका कुमारी बेबी’ असं छापलेलं असायचं आणि गाडीतून उतरणारी बाई गुडघ्यावर हात ठेवून उतरायची. मला नातू झाला तरी मंडळांनी माझं कुमारीपण काढून घेतलं नाही.

गाव माझं नाचणगाव. घरचे वांगी, पालक, मुळे पिकवतात आणि पुलगावच्या बाजारात विकतात. त्या घरातली पोर राणी कशी झाली ही लांबलचक हकिकत आहे आणि मी ती इथे सांगणार नाही. धंदा कसा चालतो तेवढं सांगते. नाटकातला राजा, प्रधान, सेनापती, दरबारी सगळे गावचेच असतात. राजाचं दुकान असतं, सेनापतीची पिठाची गिरणी असते. तालमी महिना-दीड महिना चालतात आणि तेवढे दिवस राणीच्या जागी एखादा मिशीवाला उभा राहून वाक्यं वाचतो. राजा त्या मिशीकडे पाहून प्रेमाची भाषणं पाठ करतो. नाटकाच्या दिवशी दुपारी मी पोचते आणि समोर खरी बाई पाहून राजाला घाम फुटतो. त्यात त्याची बायको पहिल्या रांगेत बसलेली असते. कित्येक राजांनी मला ‘प्राणप्रिये’ असं माझ्या मागच्या पडद्याकडे बघून म्हटलेलं आहे.

आमच्या नाटकात सगळ्यांत जास्त वाक्यं प्रॉम्प्टरला असतात. तो विंगेत बसून अख्खं नाटक मोठ्यानं वाचतो आणि आम्ही त्याच्या मागून म्हणतो. शेवटच्या रांगेपर्यंत आमचा आवाज जातो, पहिल्या रांगेला दोघांचाही ऐकू येतो. त्याची कोणाला लाज नसते. लोक घरी जाताना प्रॉम्प्टरचंही कौतुक करतात.

गिऱ्हाइकं मात्र एकेक. हिंगणीकडच्या एका गावात खलनायकाचं काम सरपंचाकडे होतं. शेवटच्या अंकात मी त्याला कट्यार मारायची आणि त्यानं मरायचं. मी कट्यार मारली, सरपंच मरेना. मी पुन्हा मारली. तो दात ओठ खात मला हळूच म्हणाला, “समोर विरोधी पार्टी बसली हाये, मी पडलो त थे टाळ्या वाजवतीन.” शेवटी तो चालत विंगेत गेला, आत जाऊन ओरडला आणि आतच मेला. लेखकाला हे मान्य झालं नसतं, पण लेखक मतदार नव्हता.

माझी खासियत विलाप. राजा मेला की राणी प्रेतावर कोसळून जे भाषण करते त्याला आम्ही विलाप म्हणतो. नाटक पडलं की चाललं हे त्यावर ठरतं. विलाप रंगला की लोक बक्षीस देतात, माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, मी प्रेतावरून उठून हात जोडते आणि पुन्हा प्रेतावर पडते. लोकांना यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटायचं नाही, विनीबाई भेटेपर्यंत.

तळेगावात गोपालसेठचं कापडाचं दुकान आहे. तेच तिथल्या मंडळाचे राजे. त्या वर्षी पुंडलिक गुरुजींनी स्वतः नवं ऐतिहासिक नाटक लिहिलं होतं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, इंग्रजी शिकवायचे. लेखक, दिग्दर्शक आणि प्रॉम्प्टर तेच. नाटकात राजा लढाईत मरतो. गोपालसेठचं पोट पाहून गुरुजी म्हणाले, “सेठ, तुमी लढाईले निघाले असं वाटत नाई. जेवून आले असं वाटते.” गोपालसेठनं ते मनावर घेतलं आणि पोट उतरवायला वर्ध्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात जाऊन राहिले. तिथे उकडलेल्या दुधी भोपळ्याच्या पंगतीत त्यांच्या शेजारी एक उंच, म्हाताऱ्या इंग्रज बाई बसायच्या. गोपालसेठनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी नट आहे, राजाचं काम करतो. त्या म्हणाल्या, मी जन्मभर राणीचं केलं.

गोपालसेठ पोट होतं तेवढंच घेऊन आले, पण सोबत प्रमुख पाहुण्या म्हणून त्या बाईंना घेऊन आले. त्यांचं नाव विनिफ्रेड. तळेगावात पहिल्याच दुपारी त्यांची विनीबाई झाली.

नाटक नवं असल्यामुळे मी त्या वेळी काही दिवस आधीच पोचले होते आणि आम्हा दोघींची सोय सेठच्या घरी एकाच खोलीत होती. विनीबाईंचे केस पांढरे आणि पोरासारखे कापलेले, अंगात खादीचा सदरा, हातात काठी. गुरुजींनी माझी ओळख इंग्रजीत करून दिली. ती बरीच लांबली. विनीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

मी विचारलं, “गुरुजी, तुमी काय सांगतलं त्याह्याले?”

“जे हाय तेच सांगतलं,” गुरुजी म्हणाले. “थोडंसं सजवलं.”

गुरुजींच्या भाषांतराची ही रीत शेवटपर्यंत राहिली. विनीबाई एक वाक्य बोलायच्या, गुरुजी तीन सांगायचे. त्यामुळे मी पुढे जे लिहितेय त्यात विनीबाई किती आणि गुरुजी किती हे मला सांगता येणार नाही. तरी बाईंच्या चेहऱ्यावरून मला बरंच कळायचं. तेवढं माझ्या धंद्यातलं होतं.

सेठच्या घरामागे संत्र्याची बाग आहे. दुपारी जेवणं झाली की तिथे बाज टाकून आम्ही बसायचो. विनीबाईंच्या वडिलांचं मासळीचं दुकान होतं, इंग्लंडच्या वरच्या अंगाला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. त्यांच्या घरात बोलायचे ती इंग्रजी लंडनच्या माणसाला धड कळायची नाही. नाटकाच्या शाळेत गेल्यावर पहिलं वर्षभर त्यांना नुसतं बोलायला शिकवलं, दातांत बाटलीचं बूच धरून. सुट्टीत घरी गेल्या तर वडील म्हणाले, पोरी, तू आता गिऱ्हाइकासारखी बोलायला लागलीस.

हे ऐकून मी हसले, कारण मी एकदा नाटकाहून घरी आले आणि बोलण्याच्या भरात “जरा पाणी द्या” म्हणाले, तर भावजय म्हणाली होती, “काऊन वं, पाहुणी हायेस का तू?” स्टेजवर ‘आम्हांला’ आणि घरी ‘आमाले’, हा रोजचा कपडेबदल. आताही हे सगळं मी राणीच्याच भाषेत लिहितेय. कागद समोर आला की तीच सुचते.

शाळेनंतर विनीबाई समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या कंपनीत लागल्या. तिथे दर आठवड्याला नवं नाटक. आज रात्री हे करायचं, दिवसा पुढचं पाठ करायचं. मग मोठ्या कंपनीत घेतलं. ती कंपनी चारशे वर्षांपूर्वीची पद्य नाटकं करायची. ती भाषा आता इंग्रजांनाही सगळी कळत नाही, पण ते मान डोलावत बसतात. पहिलं काम मशाल धरून उभं राहायचं. माझंही पहिलं काम चवरी ढाळायचं होतं, आणि त्यात मी राजाचा टोप पाडला होता. हे गुरुजींनी सांगितल्यावर विनीबाई म्हणाल्या, मी मशालीनं पडदा पेटवला होता. त्यांचं माझ्यापेक्षा सगळंच मोठं.

पुढे कामं वाढत गेली. आधी मरणारी मुलगी, मग मारली जाणारी बायको, मग मारायला लावणारी राणी, शेवटी मेलेल्यांची आई. बाईचं वय वाढतं तशी तिच्याभोवतीची प्रेतं वाढत जातात, असं त्या म्हणाल्या. लग्नं दोन झाली, दोन्ही नटांशी. दोघेही नवरे स्टेजवर रोज त्यांच्यासाठी जीव द्यायचे आणि घरी आल्यावर चहाची कपबशीही उचलायचे नाहीत. सिनेमा एकच. त्यात त्या दार उघडतात आणि ‘साहेब घरी नाहीत’ म्हणतात. जन्मभर पद्य म्हटलं, पण रस्त्यात लोक ओळखायचे ते त्या दारामुळे. उतारवयात तिथल्या राणीनं त्यांना वाड्यावर बोलावून पदक दिलं.

गोपालसेठच्या बायकोला आम्ही सेठाणी म्हणायचो. त्या संत्री सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे खऱ्या राणीनं खोट्या राणीले पदक देल्लं.”

गुरुजींनी हे सजवून सांगितलं असावं, कारण विनीबाई खूप वेळ हसल्या नाहीत, फक्त मान हलवत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या घरचे तुझ्या कामाबद्दल काय म्हणतात?

मी सांगितलं की माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना ‘बाई शिवणक्लास घेतात’ असं सांगितलेलं आहे. अजून तेच चालू आहे. विहीणबाई दर दिवाळीला ब्लाउजपीस पाठवतात, शिवून ठेवा म्हणून. मी ते पुलगावच्या टेलरकडून शिवून घेते. शिलाईबद्दल माझी फार तारीफ होते.

विनीबाई या वेळी मात्र हसल्या. आणि हसणं थांबल्यावर, मला वाटतं त्या हसण्याच्याच ओघात, त्यांनी ते सांगितलं.

त्यांच्या शेवटच्या नाटकात एक मोठं भाषण होतं. तरुणपणापासून म्हणत आलेलं, झोपेतही म्हणता येईल असं. एके दिवशी ते म्हणता म्हणता पुढचा शब्द आला नाही. थांबल्या. मागचाही गेला. आपण कोण, समोरचा कोण, काही राहिलं नाही. सोबतच्या नटानं प्रवेश कसातरी ओढून नेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिकडे आमच्यासारखा वाचणारा प्रॉम्प्टर नसतो. कंपनीनं सांगितलं, कानात छोटं यंत्र बसवू, त्यातून वाक्यं सांगू. त्यांनी नको म्हटलं. मग फुलं दिली, भाषणं केली आणि वर्तमानपत्रात गुडघे दुखतात म्हणून निवृत्ती असं छापून आलं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. पण छापून आलं म्हटल्यावर इलाज करणं भाग होतं, म्हणून त्या वर्ध्यापर्यंत आल्या.

एवढं सांगताना गुरुजींनी एकही शब्द पदरचा घातला नाही. मला ते तेव्हाच जाणवलं.

मी म्हटलं, “त्याह्याले सांगा, मी त दर नाटकात इसरतो. तुमी बसले हाये ना वाचाले.” बोलताना मी स्वतःला पुरुषासारखं ‘इसरतो’ म्हणते, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं.

विनीबाईंनी ऐकून घेतलं आणि गुरुजींकडे असं पाहिलं, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो.

नाटकाच्या आदल्या दिवशी नागपूरहून निरोप आला. राजमातेच्या कामासाठी जी दुसरी लेडीज येणार होती तिला एका मालिकेत लग्नाच्या मांडवात पाहुणी म्हणून बसायचं काम मिळालं होतं. ती येत नव्हती. राजमाता म्हणजे राजाची आई. तिच्याशिवाय दुसरा अंक उभाच राहत नाही. मिशीवाला तयार झाला, पण राजा म्हणाला, “याले मी आई म्हणणार नाई. महिनाभर त मी याले प्राणप्रिये म्हणून राह्यलो.”

सगळे सेठच्या ओसरीवर डोकं धरून बसले. विनीबाईंनी काय झालं ते विचारलं. गुरुजींनी सांगितलं. त्या काहीतरी हळू आवाजात बोलल्या. गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं.

“त्या म्हणून राह्यल्या, मी करू का?”

“मराठी कोठून आणाची?” गोपालसेठ म्हणाले.

यावर उपाय सेठाणीनं काढला. चहा देता देता त्या म्हणाल्या, “माह्या सासूबाई चातुर्मासात मौन धरत होत्या. चार महिने बोलल्या नाई. घर काई बंद पडलं नाई. उलटं सगळे त्याह्यालेच भेत होते.”

गुरुजींनी बसल्या जागी लेखणी काढली. राजमातेनं मुलाच्या विजयासाठी मौनव्रत घेतलं, असं प्रधानाच्या तोंडी घातलं आणि राजमातेची सगळी भाषणं उडवली. तिला करायचं राहिलं एवढंच: शेवटच्या प्रवेशात राजाचं प्रेत आणतात, राजमाता येते, प्रेताच्या उशाशी जाऊन हातातली शाल त्याच्यावर पांघरते, आणि मग राणीचा विलाप सुरू होतो. गोऱ्या रंगाचं काय, हा प्रश्न कोणीतरी काढला. गुरुजी म्हणाले, “राजमाता कोकणातल्या हायेत असं सांगू.”

मी मनातून खूश होते. राजमाता मुकी झाली म्हणजे शेवटचा प्रवेश सगळा माझा. विनीबाईही खूश होत्या. ती मशाल सोडली तर शब्द नसलेलं काम त्यांना जन्मात कोणी दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तालमीत शाल पुन्हा पुन्हा पांघरली. एकदा आईसारखी, एकदा राणीसारखी, एकदा मासळीच्या दुकानातली बाई गोणपाट टाकते तशी. गोपालसेठ दरवेळी इमानदारीत मेले. तिसऱ्या खेपेला त्यांना झोप लागली.

हल्ली दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून नाटक सहालाच सुरू झालं. बाजाराचं मैदान भरलं होतं. इंग्लंडची नटी येणार म्हणून आष्टी-कारंज्याकडूनही लोक आले होते. पहिला अंक नेहमीसारखा गेला. राजा पडद्याकडे बघत माझ्यावर प्रेम करून गेला. दुसऱ्या अंकात विनीबाई आल्या. नऊवारी सेठाणीनं नेसवली होती, आणि त्या नुसत्या चालत येऊन सिंहासनाशेजारी बसल्या तर लोक बोलायचे थांबले. शेंगदाणेवालाही खाली बसला. मला ते खटकलं. माझ्या प्रवेशाला शेंगदाणेवाला कधी बसला नव्हता.

मग शेवटचा प्रवेश. राजाचं प्रेत आणून ठेवलं. मी एका बाजूला हंबरडा फोडायच्या तयारीत, मोकळ्या केसांनी. विनीबाई शाल घेऊन आल्या. उशाशी जायच्या ऐवजी मधेच थांबल्या. प्रेताकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. मग हातातल्या शालीकडे पाहिलं, ही कोणी दिली असं.

मैदान गप्प झालं. पोरं गप्प झाली. माइकवर नाव पुकारायला उभा असलेला माणूस तोंड उघडं टाकून राहिला. पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. विनीबाई हलत नव्हत्या. त्यांचा ओठ थोडा उघडला आणि तसाच राहिला. आपला मुलगा मेला हे ज्या आईला अजून समजलंच नाही तिचा तो चेहरा, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. मी डोळे पाहिले. त्यांत आई नव्हती, राणी नव्हती. कोणीच नव्हतं. एका अनोळखी गावात एक म्हातारी बाई उभी होती आणि आपण इथे कशाला आलो हे तिला आठवत नव्हतं.

विंगेतून गुरुजींचा आवाज आला, “शाल. शाल टाका.” मग इंग्रजीत काहीतरी. त्या तिकडेही वळल्या नाहीत.

आता खरं सांगायचं तर माझा विलाप तयार होता. तोंडात आला होता. मी किंचाळून प्रेतावर पडले असते तर सगळ्या मैदानाची नजर माझ्यावर आली असती, विनीबाईंना मागच्या मागे आत नेता आलं असतं आणि नाटक ठरल्याप्रमाणे संपलं असतं. तेही वाईट नव्हतं. पण माझ्या ओरडण्यानं त्या दचकल्या असत्या. झोपेत चालणाऱ्या माणसाला ओरडून उठवत नाहीत.

मी काहीच बोलले नाही. केस तसेच, चालत गेले, त्यांचा हात धरला. हात गार होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी बोटं घट्ट आवळली. मी त्यांना प्रेतापाशी नेलं, गुडघे टेकायला लावले, शालीचं एक टोक त्यांच्या हातात ठेवलं, एक मी धरलं. आम्ही दोघींनी मिळून गोपालसेठला झाकलं. शालीखाली गोपालसेठ रडत होते. पोट हलताना दिसत होतं, पण त्या वेळी कोणी हसलं नाही. गुरुजींनी वाचायचं थांबवलं आणि पडदा पाडायची खूण केली.

विलाप राहून गेला. बक्षीस कोणी पुकारलं नाही. पडदा पडल्यावरही लोक बराच वेळ उठले नाहीत.

सकाळी बागेत चहा घेताना विनीबाई ठीक होत्या. त्यांनी मला विचारलं, काल काय झालं ते तुला कळलं होतं ना?

“हो,” मी म्हटलं. “मले कळलं होतं.”

“लोकांना?”

“लोकांले वाटलं तुमी लय मोठं काम केलं.”

गुरुजींनी सांगितलं. विनीबाईंनी कप खाली ठेवला. जन्मभर एकेक शब्द घासून पुसून म्हणत आले तेव्हा पुढच्या रांगेत लोक घड्याळ बघायचे, त्या म्हणाल्या, आणि काल मी तिथे नव्हतेच तर सगळे रडले. मग त्या म्हणाल्या, तुझं भाषण माझ्यामुळे गेलं.

मी गुरुजींना म्हटलं, “सांगा त्याह्याले, माहे अजून लय नवरे मराचे हायेत.”

हे मात्र सजवायची गरज पडली नाही. त्या इतक्या हसल्या की सेठाणी घरातून पाहायला आल्या.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं, ‘आंग्ल अभिनेत्रीच्या मूक अभिनयाने तळेगाव हेलावले’. खाली विनीबाईंचा फोटो, शेजारी गोपालसेठ, आणि त्यांच्यामध्ये माझा खांदा. ‘स्थानिक कलाकारांनी साथ दिली’ असं शेवटी होतं. विनीबाईंनी ते कात्रण नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं हे पहिलं परीक्षण आहे, त्या म्हणाल्या, ज्यात माझ्या उच्चारांबद्दल एक शब्दही नाही.

त्या परत गेल्या. आता समुद्राकाठी म्हाताऱ्या नटांसाठी एक घर आहे, तिथे राहतात. गुरुजी अधूनमधून व्हिडिओ कॉल लावतात. कधी त्या मला ‘राणी’ म्हणून हाक मारतात, मराठीत. कधी नम्रपणे विचारतात, आपण कोण. मी सांगते. पुढच्या वेळी पुन्हा सांगते. मला दोनदोनदा ओळख करून द्यायची सवय आहे, एसटी स्टँडवरची.

पुढच्या वर्षी गोपालसेठचा फोन आला. “बेबीताई, यंदा राजमाता तुमी करजा. थे मौनवाली. राणीसाठी नागपूरची नवी पोरगी पाह्यली हाये. लोकं तेच नाटक मांगून राह्यले.” मग म्हणाले, “आता डायलॉग काई नाई म्हटल्यावर मानधनाचं तुमी समजून घेजा.”

मी समजून घेतलं. खरं म्हणजे मला ते काम हवंच होतं. वर्षभर माझ्या डोक्यात तो प्रवेश होता. जे विनीबाईंकडून विसरून झालं ते आपण जाणून करायचं. कोणाला न सांगता, घरी आरशासमोर उभी राहून मी प्रयत्न केला. हात कुठे ठेवायचे, शालीकडे केव्हा पाहायचं, ओठ किती उघडायचा. आयुष्यभर मी रडण्याचा आवाज कमावला होता. गप्प राहायला शिकायला तेवढंच आयुष्य लागेल असं वाटलं. तरी हळूहळू जमलं. एकदा तर भावजय दारातून पाहून घाबरली आणि पाणी घेऊन आली.

नाटकाच्या दिवशी मैदान पुन्हा भरलं. शेवटच्या प्रवेशात मी शाल घेऊन आले, मधे थांबले. प्रेताकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं. मला माहीत आहे, मी त्या वेळी चांगलं काम करत होते. जन्मात तसं केलं नव्हतं. आरशासमोर कमावलेलं ते रिकामपण मी चेहऱ्यावर येऊ देत होते, थेंबाथेंबानं.

मागून कोणीतरी ओरडलं, “बाई इसरली रे.”

मैदान हसलं. विंगेतून गुरुजी कळवळून सांगायला लागले, “बेबीताई, शाल. उशाशी. शाल टाका.” मी हलले नाही, तर त्यांनी आवाज चढवला. नागपूरची पोरगी गोंधळून माझ्याकडे आली. आणि मेलेल्या गोपालसेठनं एक डोळा उघडून मला धीर दिला, “ताई, घाबरू नोका. हातातच हाये शाल.”

मी शाल टाकली. पोरीनं विलाप केला. बरा केला. बक्षीस पुकारलं गेलं.

सकाळी मी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारी भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं मला ओळखलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “मनाले लावून घेऊ नोका, बाई. वय झालं का इसरते मानूस.” आणि मग समजावणीच्या सुरात, “पण मागच्या साली थे गोरी बाई आली होती, थे पाह्यली का तुमी? काय उभी राह्यली होती बाप्पा. तिले सगळं पाठ होतं.”